जुन्या पुलांचीं छायाचित्रें : एक उपेक्षित साधन

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें प्रथम रुमालांत बांधलेलीं दफ्तरें उभीं राहतात. त्यांच्या मागून ताम्रपट, शिलालेख, नाणीं, किल्ले व देवळें हीं येतात. पूल मात्र ह्या मालिकेंत सहसा येत नाहीं. देवळाची पूजा होते, किल्ल्याची यात्रा होते. पुलावरून मनुष्य फक्त पलीकडे जातो. ज्याच्यावर पाय ठेवावयाचा त्याच्याकडे पाहण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. परिणाम असा होतो कीं, जुना पूल पडला किंवा पाडला गेला म्हणजे त्याच्या मागें मंजुरीचा एखादा कागद, खर्चाचा आंकडा आणि लोकांच्या तोंडीं असलेलें नांव एवढेंच राहतें. रूप राहत नाहीं.

हें रूप राखण्याचें एक साधन आपल्या हातांत आहे. तें म्हणजे फिल्मवर काळजीपूर्वक घेतलेलें छायाचित्र. असें छायाचित्र हौसेची वस्तु न मानतां अस्सल दस्तऐवज मानावें, आणि जुना कागद आपण ज्या शिस्तीनें मिळवितों, नोंदवितों व राखतों त्याच शिस्तीनें ह्याचीही व्यवस्था करावी, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. गेलेल्या पुलांचा हिशेब

पुण्यांत मुठेवर १७६१ सालीं, पानिपतच्या आघातानंतर, नानासाहेब पेशव्यांच्या कारकीर्दींत लाकडी पूल बांधला गेला. त्या जागीं पुढें दगडी पूल झाला, त्यास संभाजी पूल असें नांवही मिळालें. तरी पुणेकर आजही त्याला लाकडी पूलच म्हणतात. नांव असें अडीच शतकांवर टिकलें. परंतु त्या पुलाचे खांब कसे रोविले होते, तुळयांचे सांधे कसे बसविले होते, हें डोळ्यांनीं पाहण्याची सोय उरली नाहीं. ह्यांत दोष कोणाचाच नाहीं. छायाचित्रणाची कला जगापुढें आली ती १८३९ सालीं. लाकडी पूल उभा राहिला तेव्हां तिचा जन्मही झाला नव्हता.

खंडाळ्याच्या घाटांतील पुलाविषयीं मात्र ही सबब चालणार नाहीं. बोरघाटाचा गाडीरस्ता सर जॉन माल्कम ह्याच्या गव्हर्नरकीच्या अखेरीस, १८३० सालीं, खुला झाला. त्याच वेळच्या दगडी कमानींच्या पुलास जवळच्या एका मलमाच्या जाहिरातीवरून लोकांनीं अमृतांजन पूल असें नांव दिलें. मुंबई-पुणें द्रुतगतिमार्ग झाल्यावर ह्या पुलाच्या खांबांमधून खालचीं वाहनें जाऊं लागलीं, आणि तेथें वाट अरुंद होऊन खोळंबा होऊं लागला. अखेर एप्रिल २०२० च्या आरंभीं, टाळेबंदीमुळें रस्ता मोकळा असतां, सुरुंग लावून तो पाडण्यांत आला. त्याचें वय तेव्हां १९० वर्षांचें होतें. त्या दिवसांत घराबाहेर पडण्याची मोकळीक कोणास नव्हती. ज्याच्या मनांत पुलाचें शेवटचें एक चित्र घ्यावें असें आलें असेल, त्यालाही तें घेतां आलें नसतें. घाटांतून जातां येतां गाडीच्या खिडकींतून टिपलेलीं ह्या पुलाचीं चित्रें पुष्कळ घरांत सांपडतील. परंतु कमानीच्या पोटांतील दगडांची मांडणी दाखविणारें, शेजारीं मापाची काठी उभी केलेलें चित्र आपल्यापैकीं किती जणांच्या संग्रहीं आहे?

महाडजवळच्या सावित्री नदीवरील पुलाची गोष्ट ह्याहून दुःखद आहे. मुंबई-गोवें रस्त्यावरील हा दगडी पूल १९२८ सालीं बांधलेला होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं पुराच्या लोंढ्यानें तो कोसळला. एस. टी. च्या दोन गाड्या व इतर वाहनें अंधारांत नदींत गेलीं आणि कित्येक कुटुंबांचीं माणसें परत आलीं नाहींत. त्या रात्रीच्या जीवहानीपुढें पुलाच्या चित्राची गोष्ट बोलणें कोणास क्षुद्र वाटेल, आणि तें वाटणें योग्यच आहे. तरीही एक गोष्ट नमूद केली पाहिजे. पुलाच्या पायाचें व खांबांचें दर वर्षीं, पाणी ओसरल्यावर, एकाच जागेवरून घेतलेलें चित्र असेल तर पायाजवळची वाळू किती खालीं गेली, कोणत्या दर्जांतील चुना निघाला, कोठें पिंपळानें मूळ धरलें, हें पुढील वर्षाच्या चित्राशीं ताडून पाहतां येतें. म्हणजे असें चित्र पुलाच्या मागें राहणारी आठवण तर आहेच, पण पूल उभा असतां त्याच्या प्रकृतीची टांचणवहीही आहे.

मुंबईंतील दोन उदाहरणें घेऊं. १८७९ सालीं बांधलेला व १९२३ सालीं फिरून उभारलेला हॅन्कॉक पूल जानेवारी २०१६ मध्यें काढण्यांत आला. १८६८ सालचा कर्नाक पूल नोव्हेंबर २०२२ मध्यें पाडण्यांत आला. त्या जागीं झालेला नवा पूल जुलै २०२५ मध्यें सिंदूर ह्या नांवानें खुला झाला. मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स रिव्हेट-कर्नाक ह्यांच्या नांवाच्या ह्या जुन्या पुलाच्या दगडांवर इंग्रजी, देवनागरी व गुजराती अशा तीन लिप्यांत अक्षरें कोरलेलीं होतीं. तीन लिप्यांतील लेख वागविणारा हा पूल एकोणिसाव्या शतकांतील मुंबईच्या वस्तीचा एक पुरावाच होता. लेखाचे दगड काढून ठेवतां येतात. परंतु लेख पुलाच्या कोणत्या बाजूस, किती उंचीवर, कोणाच्या नजरेस पडेल असा बसविला होता, हें दगड एकदां जागेवरून हलला म्हणजे केवळ चित्रावरूनच सांगतां येतें. ताम्रपट कोणत्या शेतांत सांपडला हें न लिहून ठेवल्यास त्याचें निम्मे मोल जातें, हें वाचकांस सांगावयास नको.

ह्या चार उदाहरणांवरून पूल जाण्याचे मार्ग ध्यानांत येतात. पूर पाया खातो. रस्ता रुंद करावा लागतो. पुलाखालील लोहमार्गावर अधिक दाबाच्या विजेच्या तारा आल्या म्हणजे उंची अपुरी पडते. आणि वय झालें म्हणजे भार सोसत नाहीं. ह्यांपैकीं बहुतेक कारणें न्याय्य आहेत. धोक्याचा पूल केवळ जुना म्हणून वाहतुकीस ठेवावा असें कोणीही शहाणा मनुष्य म्हणणार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, कागद जीर्ण झाला म्हणजे आपण त्याची नक्कल उतरून घेतों. पुलाच्या बाबतींत ती उतरण्यापूर्वींच अस्सल नष्ट होऊं देतों.

२. चित्र हें साधन कसें

कोणी म्हणेल कीं, पुलांचे नकाशे सरकारी कचेऱ्यांत असतातच. मग चित्र कशाला? नकाशा काय बांधावयाचें होतें तें सांगतो. चित्र काय बांधलें गेलें आणि पुढें त्याचें काय झालें तें सांगतें. मधल्या काळांत बदललेले दगड, चुन्याच्या जागीं भरलेलें सिमेंट, एका बाजूस किंचित बसलेली कमान, छिन्नीचे घाव, पुराच्या पाण्यानें ठेवलेली रेषा, ह्यांतील कोणतीही गोष्ट नकाशांत नसते. छापील बखर आणि तिची मूळ मोडी प्रत ह्यांत जो भेद, तोच येथें आहे. छापील प्रतींत मजकूर मिळतो. शाई, वळण, खाडाखोड व समासांतील टीप हीं मूळ प्रतींतच पाहावीं लागतात.

ही दृष्टि आपल्याकडे नवी नाहीं. १८५४ सालीं मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. प्राचीन लेखांचे वाचक म्हणून ज्यांचें नांव आपणांस परिचित आहे ते डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे दोघेही ह्या संस्थेच्या कार्यांत होते. शिलालेख वाचणारा मनुष्य त्या काळींच कॅमेऱ्याच्या कलेकडे वळला होता, ही गोष्ट आपण विसरूं नये.

त्याच सुमारास बोरघाटांतील लोहमार्गाचें काम चाललें होतें. त्याचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल हा १८५९ सालीं हिंदुस्थानांत आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला, आणि त्याची पत्नी ॲलिस हिनें ठेका पुढें चालवून तडीस नेला. १८६३ सालीं हा मार्ग खुला झाला. ह्या कामाच्या छायाचित्रांचा एक संग्रह तिच्या नांवाशीं निगडित असून तो आजही पाहावयास मिळतो. मार्ग खुला झाल्यावर चारच वर्षांनीं, १८६७ सालीं, ह्या घाटांतील एक मोठा दगडी पूल कोसळला. तेव्हां नवें म्हणून झालेलें बांधकाम जुनें होईपर्यंत थांबूं, मग चित्र घेऊं, हा हिशेबही खरा नव्हे. बांधकामाच्या आयुष्याचा भरंवसा दफ्तराच्या आयुष्याहून अधिक नसतो.

परदेशांत ह्या कामास व्यवस्थेचें रूप कसें आलें तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत १९३३ सालीं जुन्या इमारतींची मापें, नकाशे व छायाचित्रें घेण्याचें काम सरकारी खर्चानें सुरू झालें. १९६९ सालीं पूल, कालवे, गिरण्या अशा यांत्रिक व स्थापत्यविषयक वास्तूंसाठीं त्याच धर्तीचें वेगळें खातें निघालें. दोहोंच्या नोंदी वॉशिंग्टन येथील काँग्रेसच्या ग्रंथालयांत जातात. ह्या नोंदींसाठीं मोठ्या आकाराच्या कृष्णधवल निगेटिव्ह घेण्याचा दंडक त्यांनीं घालून दिला. चार इंच गुणिले पांच इंच हा त्यांतील लहानांत लहान आकार होय.

त्याचा उपयोग कसा होतो ह्याचें एकच उदाहरण देतों. न्यूयॉर्क संस्थानांत नॉर्थ ब्लेनहाइम येथें स्कोहारी ओढ्यावर १८५५ सालीं निकोलस पॉवर्स नांवाच्या कारागिरानें छप्पर असलेला लाकडी पूल बांधला होता. मध्यें एकही खांब नसतां दोनशें फुटांहून अधिक अंतर तो एका झेपेंत ओलांडीत असे. जवळ लोखंडी पूल झाल्यावर हा जुना पूल वाहतुकींतून निघाला. परंतु तो मोडला गेला नाहीं, आणि १९३० नंतरच्या दशकांत वरील योजनेंत त्याची नोंद झाली. २८ ऑगस्ट २०११ रोजीं वादळी पावसाच्या पुरानें तो समूळ वाहून नेला. २०१८ सालीं त्याच ठिकाणीं त्याच धर्तीचा लाकडी पूल पुन्हा उभा राहिला. नवा पूल हा जुना पूल नव्हे, हें खरें. पण जुना कसा होता ह्याविषयीं तेथें वाद घालण्याचें कारण उरलें नाहीं. आपल्या लाकडी पुलाविषयीं असें म्हणतां येत नाहीं.

३. फिल्म कशासाठीं

हल्लीं प्रत्येकाच्या खिशांत कॅमेरा आहे व दिवसाला शेंकडों चित्रें निघतात. मग महागडी व मिळण्यास कठीण अशी फिल्म कां वापरावी, हा प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर आमच्या वाचकांच्या परिचयाच्या शब्दांत देतां येईल. अस्सल व नक्कल ह्यांतील भेद फिल्मवर डोळ्यांनीं दिसतो.

कृष्णधवल फिल्मवर जिलेटिनाच्या पापुद्र्यांत चांदीच्या क्षारांचे सूक्ष्म कण असतात. पुलावरून निघालेला प्रकाश भिंगांतून येऊन त्या कणांवर पडतो. फिल्म रसायनांत धुतली म्हणजे प्रकाश लागलेल्या कणांची धातुरूप चांदी होते. न लागलेले क्षार हायपोच्या द्रावणांत विरघळून जातात. ह्याप्रमाणें निगेटिव्हवर जें राहतें तें पुलासमोर, त्या दिवशीं, त्या उजेडांत ठेवलेलें चांदीचें लेखन होय. ती एकच असते. तिच्यावरून निघणारीं सर्व चित्रें तिच्या नकला. पुढें कोणीं चित्रांत फेरफार केल्याचा संशय आला तर मूळ निगेटिव्ह उजेडासमोर धरून निर्णय करतां येतो. ती वाचण्यास यंत्र लागत नाहीं, डोळा पुरतो.

संगणकांत सांठविलेल्या चित्राचे गुणही मोठे आहेत. त्याच्या कितीही प्रती तंतोतंत निघतात व दूरच्या अभ्यासकास क्षणांत पाठवितां येतात. परंतु तें ज्या तबकडींत ठेविलें असेल ती बिघडते, आणि तें ज्या रीतीनें लिहिलें असेल ती रीत कालांतरानें मागें पडते. दर कांहीं वर्षांनीं त्याचें स्थलांतर करीत राहावें लागतें. एका पिढीनें हयगय केली कीं वंश खुंटला. कपाटाच्या कोपऱ्यांत पडलेली निगेटिव्ह मात्र हयगयीचीं पन्नास वर्षेंही बरेच वेळां सोसते. म्हणून दोन्ही करावीं: निगेटिव्ह अस्सल म्हणून जपावी, आणि तिची संगणकीय प्रत वापरासाठीं काढावी. दफ्तरखान्यांत आपण अस्सल रुमालांत ठेवून नक्कल टेबलावर आणतों, त्यांतलाच हा प्रकार आहे.

४. सौंदर्य आणि वाचनीयता

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. कलात्मक छायाचित्र वेगळें आणि पुराव्याचें छायाचित्र वेगळें, असें पुष्कळांस वाटतें. पुलांच्या बाबतींत आम्हांस ह्याच्या उलट अनुभव आला आहे. ज्यास कलावंत उजेडाची पारख म्हणतो, त्यासच संशोधकानें वाचनीयता म्हणावें. झिजलेला शिलालेख भर दुपारीं वाचतां येत नाहीं; सकाळीं अगर संध्याकाळीं सूर्य तिरपा आला म्हणजे प्रत्येक अक्षराच्या कडेला सावली धरते आणि ओळ उठून दिसते. पुलाचा दर्शनी भागही असाच आहे. तिरप्या उन्हांत छिन्नीचे घाव, दर्जांची रुंदी व पुढें आलेले दगड स्पष्ट होतात. उलट कमानीचें पोट हें नेहमींच सावलींत असतें. तें ढगाळ पण उजळ सकाळीं घ्यावें, म्हणजे आंतला काळोख आणि बाहेरचें आभाळ ह्यांतील अंतर फिल्मला पेलतें. सावलीकडे पाहून प्रकाशाचें माप ठरवावें आणि उजेडाच्या बेतानें फिल्म धुवावी, हा ह्या कामांतील जुना व खरा नियम आहे. सावलींतला दगड निगेटिव्हवर आलाच नाहीं तर पुढें कोणतीही युक्ति तो निर्माण करूं शकत नाहीं.

ऋतूचाही विचार करावा. पावसाळा संपल्यावर, कार्तिक-मार्गशीर्षाच्या सुमारास हवा धुतल्यासारखी असते. तेव्हां दुरून सबंध पूल घ्यावा. चैत्र-वैशाखांत पाणी आटतें. तेव्हां खांबांची प्रवाहाकडील टोंकदार बाजू आणि पायाचे थर उघडे पडतात. तीं चित्रें त्याच वेळीं घेतलीं पाहिजेत. एका फेरींत पूल पुरा होत नाहीं.

कॅमेरा शक्य तर मोठ्या आकाराचा, लांकडी वा धातूच्या तिवईवर बसणारा असावा. ह्यांत मागच्या कांचेवर उलटें चित्र पाहून, काळें कापड डोक्यावर घेऊन रचना करतां येते. ह्या कॅमेऱ्याचा खरा लाभ असा कीं, भिंग वर, खालीं वा बाजूस सरकवितां येतें. साधा कॅमेरा वर रोंखला तर उंच खांब माथ्याकडे एकमेकांशीं झुकल्यासारखे येतात आणि अशा चित्रावरून माप काढणें व्यर्थ होतें. मोठ्या कॅमेऱ्याची मागची बाजू ओळंब्यांत ठेवून केवळ भिंग उचललें म्हणजे खांब सरळ राहतात. रंगीत कांचांचाही उपयोग आहे. पिवळी कांच आभाळ किंचित गडद करून कमानीची कड स्पष्ट करते. हिरवी कांच झाडोरा उजळ करून तो काळ्या दगडापासून निराळा दाखविते.

प्रत्येक पुलाचीं निदान पुढील चित्रें घ्यावींत. प्रवाहाच्या वरच्या अंगानें एक व खालच्या अंगानें एक, अशीं सबंध पुलाचीं दोन, दोन्ही तीरांवरून रस्त्याच्या रेषेंत एकेक, एका कमानीचें समोरून व तिच्या पोटाचें खालून, एका खांबाचें पायासकट, कठड्याचें, आणि लेख, मूर्ति, खुणेचा दगड अगर गवंड्याची निशाणी असेल तर तिचें जवळून. जवळच्या प्रत्येक चित्रांत एक मीटरची, दहा दहा सेंटिमीटरांवर काळे-पांढरे पट्टे दिलेली काठी उभी करावी. मग शेवटीं एक चित्र असें घ्यावें कीं, ज्यांत पुलावरून माणसें, गुरें, सायकली जात आहेत. पूल कशासाठीं होता हें त्या एकाच चित्रावरून कळतें, आणि बहुधा तेंच सर्वांत सुंदर येतें.

५. नोंद व जतन

आमच्या संग्रहीं एक जुनें छायाचित्र आहे. पांच कमानींचा दगडी पूल, खालीं उथळ पाणी, कठड्याशीं छत्री टेकून उभा असलेला एक पागोटेवाला गृहस्थ. चित्र इतकें चांगलें आहे कीं दगडन्दगड मोजतां येतो. परंतु त्याच्या पाठीवर एक अक्षरही नाहीं. पूल कोणत्या नदीवरचा, साल कोणतें, गृहस्थ कोण, ह्याचा पत्ता आम्हांस अनेक वर्षें लागलेला नाहीं. नदीचें नांव आणि साल एवढे दोन शब्द पेन्सिलीनें लिहिण्याचा कंटाळा कोणीं केला, आणि एक उत्तम साक्षीदार मुका झाला.

म्हणून प्रत्येक निगेटिव्हला अनुक्रमांक द्यावा आणि वहींत त्या क्रमांकापुढें पुलाचें प्रचलित व जुनें नांव, नदी, गांव, तालुका, तारीख व वेळ, कॅमेरा कोठें उभा केला ती जागा, तोंड कोणत्या दिशेस, भिंगाची लांबी आणि घेणाऱ्याचें नांव लिहावें. गांवच्या वृद्धांनीं पुलाविषयीं जें सांगितलें असेल तें निराळें, ऐकीव म्हणून नोंदवावें. पाहिलेलें व ऐकलेलें एकत्र करूं नये. वही चांगल्या कागदाची असावी आणि तिची दुसरी प्रत दुसऱ्या गांवीं ठेवावी.

धुण्याच्या कामांत घाई करूं नये. रसायनें सुमारें २० अंश सेंटिग्रेडवर ठेवावींत. आपल्या उन्हाळ्यांत पाणी तापलें म्हणजे जिलेटिन मऊ पडून ओरखडे उठतात. हायपो पुरता धुवून न गेल्यास चित्र कालांतरानें पिवळें पडतें व फिकटतें. पुष्कळ जुन्या चित्रांचा नाश वाळवीपेक्षां ह्या आळसानेंच झाला आहे.

जुन्या निगेटिव्ह हातीं आल्या तर प्रथम त्या कशाच्या आहेत तें पाहावें. कांचेच्या पट्ट्या उभ्या ठेवाव्यात. नायट्रेटची जुनी फिल्म चटकन पेट घेते आणि आपोआप कुजते. ती इतर संग्रहापासून दूर ठेवून जाणत्याच्या स्वाधीन करावी. ॲसिटेटच्या फिल्मला शिरक्यासारखा वास येऊं लागला म्हणजे ती नासूं लागली असें समजावें, तिची प्रत ताबडतोब काढावी आणि ती वेगळी ठेवावी. पॉलिएस्टरची फिल्म ह्या सर्वांत टिकाऊ होय. कोणतीही असली तरी आम्ल नसलेल्या कागदाच्या पाकिटांत, थंड व कोरड्या जागीं ठेवावी. कोंकणांतील व गोव्यांतील दमट हवेंत जिलेटिनावर बुरशी धरते. तेथें घट्ट झांकणाच्या डब्यांत सिलिका जेल ठेवून ती वरचेवर तापवून कोरडी करीत जावी. पोथ्यांसाठीं जी काळजी आपण घेतों तिच्याहून ही फार निराळी नाहीं.

६. उपसंहार

चित्रानें पूल वाचत नाहीं, हें आम्ही स्पष्टपणें कबूल करतों. दगडाचा थंडपणा, कमानीखालील आवाजाचा घुमारा, कठड्याची झिजून गुळगुळीत झालेली कड हीं फिल्मवर उतरत नाहींत. शिवाय सुंदर चित्र मिळालें म्हणून पूल पाडण्यास हरकत नाहीं, असा अर्थ कोणीं काढल्यास तो आमच्या लेखाचा विपर्यास होईल. दुरुस्तीनें टिकणारा पूल टिकवावा, हेंच पहिलें कर्तव्य. चित्र हें त्याच्या खालोखालचें. परंतु पहिलें कर्तव्य आपल्या एकट्याच्या हातीं नसतें, दुसरें असतें.

उभे असलेले पूल अद्याप पुष्कळ आहेत. प्रतापगडाच्या पायथ्याजवळ पार येथें कोयनेवर असलेला, परंपरेनें शिवकालीन मानला जाणारा दगडी पूल आहे. कोल्हापुरास पंचगंगेवरील एकोणिसाव्या शतकांतला शिवाजी पूल आहे. त्याच्या बाजूस नवा पूल झाला आहे आणि २००५, २०१९ व २०२१ चे महापूर जुन्या पुलानें सोसले आहेत. सांगलीस कृष्णेवर १९२९ सालचा आयर्विन पूल आहे. गोव्यांत पणजी व रायबंदर ह्यांस जोडणारा, सतराव्या शतकांत पोर्तुगीज अमदानींत बांधलेला लिन्हारिसचा लांबलचक पूल आहे. आणि ज्यांचीं नांवें कोणत्याही पुस्तकांत नाहींत असे ओढ्यावरचे दोन-तीन कमानींचे पूल तर प्रत्येक जुन्या रस्त्यावर आहेत. मोठ्या पुलाचें चित्र कोणी ना कोणी घेईल. ह्या लहान पुलांस मात्र त्या गांवचा मनुष्यच वाली आहे. नवा पूल शेजारीं बांधावयास घेतला कीं जुन्याची घटका भरत आली असें समजून त्याच हंगामांत कामास लागावें. पाडण्याचा हुकूम वर्तमानपत्रांत येईपर्यंत थांबूं नये.

वाचकांस आमची विनंति अशी आहे. आपल्या गांवच्या जुन्या पुलाचें एखादें छायाचित्र घरच्या पेटाऱ्यांत असेल तर तें बाहेर काढून त्याच्या पाठीवर, जाणतीं माणसें हयात आहेत तोंच, नदीचें नांव व साल मऊ पेन्सिलीनें लिहावें. नसेल तर येत्या उन्हाळ्यांत नदींत उतरून एक घ्यावें. स्वतःस कला अवगत नसल्यास अवगत असणाऱ्यास बरोबर न्यावें व काठी आपण धरावी. आणि आमच्या संग्रहांतील पांच कमानींचा पूल कोणीं ओळखला तर तें अवश्य कळवावें. त्या छत्रीवाल्या गृहस्थास त्याचें गांव परत मिळेल.